एक किनारा, तीन शून्ये

नारळी पौर्णिमा होऊन गेली होती. वेसाव्याच्या खाडीत नौकांची ये-जा पुन्हा सुरू झाली होती आणि धक्क्यावर बर्फाच्या लाद्या उतरत होत्या. अंधेरीच्या सात बंगला भागात राहणाऱ्या एका जुन्या कार्यकर्ता मित्राबरोबर रविवारी सकाळी तिकडे जाण्याचा योग आला. निमित्त साधेच होते. मित्राच्या परिचयाच्या एका वयोवृद्ध तांडेलांना काही कागदपत्रांचा उलगडा करून हवा होता आणि पत्रकार माणसाला सगळे कळते, असा त्यांचा भाबडा समज होता.

प्लास्टिकच्या पिशवीतून त्यांनी तीन छायाप्रती काढल्या. निरनिराळ्या वर्षी, निरनिराळ्या कार्यालयांतून मिळवलेले ते एकाच गल्लीचे तीन नकाशे होते. एकात भरतीरेषा देवळाच्या समुद्राकडच्या अंगाने गेलेली, दुसऱ्यात तीच रेषा देवळाच्या पाठीमागून घरांवरून फिरलेली. तिसऱ्या नकाशात भरतीरेषाच नव्हती. गल्लीच्या जागी नुसता एक राखाडी पट्टा होता. मित्राने सहज विचारले, "नाखवा, मग पाणी येतं तरी कुठपर्यंत?" म्हातारा हसला. "पाणी कुठपर्यंत येतं ते आमच्या आजीलाही ठाऊक होतं. कागदावर ते कुठपर्यंत येतं, ते मात्र दर साहेबाबरोबर बदलतं."

मला त्या कागदांचा उलगडा करता आला नाही, हे येथेच कबूल करतो. कला शाखेच्या पदवीधराकडून ती अपेक्षाही नसावी. परंतु त्यानंतरचे काही महिने या विषयाचा पाठपुरावा करताना जे हाती लागले, ते वाचकांपुढे ठेवण्यासारखे आहे. विषय रूक्ष आहे. भौगोलिक माहिती कोणी गोळा करावी, कोणत्या मापाने मांडावी, कोणत्या नियमाने ती एका खात्याने दुसऱ्याला आणि सरकारने नागरिकाला द्यावी, हा तो विषय. तो अभियंत्यांचा म्हणून आपण सोडून देतो आणि मग एके दिवशी आपल्याच घराचा उंबरठा कोणा एका नकाशात समुद्रात गेलेला असतो.

अलीकडचेच एक उदाहरण घेऊ. महाराष्ट्राला ७२० किलोमीटर लांबीचा समुद्रकिनारा लाभला आहे, असे आपण सर्वजण शाळेत शिकलो. केंद्र सरकारच्या दप्तरी मात्र राज्याचा किनारा ६५२.६ किलोमीटर होता. नव्या मोजणीनंतर तोच ८७७.९७ किलोमीटर झाला आणि साऱ्या देशाचा किनारा ७,५१६.६ वरून ११,०९८.८१ किलोमीटरवर गेला. समुद्राने आपल्याला नवी भूमी बहाल केली की काय? तसे काहीही नाही. जुनी मोजणी पंचेचाळीस लाखांस एक या प्रमाणाच्या नकाशावरून झाली होती. नवी अडीच लाखांस एक या प्रमाणावरून झाली. मोठ्या प्रमाणाच्या नकाशात खाड्या, वळणे, खाचाखोचा दिसू लागल्या आणि दोरी लांबली. तेव्हा आकडा विचारण्यापूर्वी तो कोणत्या मापाचा, हे विचारावे लागते. आपल्याकडे नेमका हाच प्रश्न विचारण्याची सवय नाही.

मुंबईत तर उंची कोठून मोजायची, यावरच एकमत नाही. वृत्तपत्रांत पावसाळ्यात 'आज ४.८ मीटरची भरती' अशी चौकट येते. मध्यमवर्गीय गृहस्थ ती वाचून आपल्या तळमजल्याची उंची आठवू लागतो. परंतु भरतीचा हा आकडा ज्या शून्यापासून मोजलेला असतो, ते नाविकांचे शून्य आहे. सागरी नकाशावर खोली दाखवताना जहाज गाळात रुतू नये म्हणून अगदी खालच्या ओहोटीची पातळी शून्य धरतात. मुंबईची सरासरी समुद्रपातळी या शून्याच्या सुमारे अडीच मीटर वर आहे. म्हणजे ४.८ मीटरची भरती सरासरी समुद्रपातळीच्या जेमतेम सव्वादोन मीटर वर पोचते.

दुसरे शून्य भारतीय सर्वेक्षण विभागाचे. देशातील जमिनीची उंची सरासरी समुद्रपातळीपासून मोजली जाते आणि ही पातळी १९०९ साली नऊ ठिकाणच्या भरती-ओहोटीच्या दीर्घकालीन नोंदींवरून ठरवण्यात आली. त्या नऊ ठिकाणांत आपले अपोलो बंदर होते आणि कराचीही होती. तिसरे शून्य आपल्या महानगरपालिकेचे. फोर्टातील टाउन हॉल, ज्याला आपण 'एशियाटिक' म्हणून ओळखतो, त्याच्या नावाने 'टाउन हॉल डेटम' असे एक माप शहरात रूढ झाले. गटारांचे उतार, रस्त्यांच्या पातळ्या, सखल भूखंडांवरील भराव, सारे याच मापात. सखल भूखंडावर बांधकामाची परवानगी देताना 'किमान ९२ टाउन हॉल डेटमपर्यंत भराव' अशी अट घातलेली आपल्यापैकी अनेकांनी सोसायटीच्या जुन्या कागदांत पाहिली असेल. हे ९२ फूट समुद्रापासूनचे नव्हेत. ते शून्य जमिनीच्या बरेच खाली, पोटात धरलेले आहे.

आता कोणी म्हणेल, उपग्रह आले, आता कसला प्रश्न? तर उपग्रहाचेही स्वतःचे शून्य आहे. पृथ्वीचा एक आदर्श गोलाकार कल्पून त्यापासून तो उंची मोजतो आणि त्या हिशेबाने वेसाव्याच्या पुळणीची कच्ची उंची उणे साठ मीटरहूनही खाली भरते. शास्त्रज्ञ ती दुरुस्त करून घेतात. परंतु दुरुस्ती केली की नाही, हे नकाशावर लिहिलेच नसेल तर?

यांत कोणतेही माप चुकीचे नाही. नाविकाला नाविकाचे शून्य योग्य आणि गटार बांधणाऱ्याला त्याचे योग्य. चूक तेव्हा घडते, जेव्हा एका खात्याचा आकडा दुसऱ्या खात्याच्या मेजावर जातो आणि सोबत त्याचे शून्य जात नाही.

याची किंमत मुंबईने मोजली आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच दिवशी कुलाब्याला झाला अवघा ७३ मिलिमीटर. अर्धे शहर बुडत असता अर्ध्या शहराला त्याचा पत्ता नव्हता. पुढे डॉ. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने या महापुराची चिकित्सा केली. पावसाची मोजणी ठिकठिकाणी व्हावी, शहराच्या चढ-उताराचे बारकाईचे नकाशे असावेत, हे त्यातून सर्वांच्या ध्यानी आले. शहरभर स्वयंचलित पर्जन्यमापक बसले. जून २०२० मध्ये 'आय-फ्लोज मुंबई' ही पूर-इशारा प्रणाली कार्यान्वित झाली. पाऊस हवामान खात्याचा, भरती समुद्रविज्ञानाची, गटारांची माहिती महापालिकेची, वस्तीची माहिती आणखी कोणाची, असे सारे एका ठिकाणी आणल्याखेरीज अशी प्रणाली एक पाऊलही टाकू शकत नाही. जे पंधरा वर्षांनी झाले ते आधी का झाले नाही, याचे उत्तर यंत्रांच्या अभावात शोधण्यात अर्थ नाही. प्रत्येक खाते आपल्या माहितीकडे आपली खासगी ठेव म्हणून पाहत होते.

कोळीवाड्याचा प्रश्न याहून गंभीर आहे, कारण तेथे पाण्याबरोबर मालकीही गुंतलेली आहे.

किनारा नियमन क्षेत्राचा कायदा १९९१ साली आला. २०११ आणि २०१९ मध्ये त्याच्या नव्या अधिसूचना निघाल्या. या साऱ्या नियमनाचा पाया म्हणजे भरतीरेषा. ती कोठून जाते, यावर कोणी घर दुरुस्त करू शकतो, कोणी इमारत उभारू शकतो, कोणाला काहीच करता येत नाही, हे ठरते. आता ही रेषा ज्या नकाशांवर आखली जाते, त्या किनारा व्यवस्थापन नकाशांचे प्रमाण आहे पंचवीस हजारांस एक. म्हणजे कागदावरचा एक मिलिमीटर जमिनीवर २५ मीटर. अर्ध्या मिलिमीटरच्या रेघेची नुसती जाडीच साडेबारा मीटर. वेसाव्याच्या मांडवी गल्लीत किंवा डोंगरी गल्लीत जो कधी गेला असेल, त्याला साडेबारा मीटरमध्ये किती चुली पेटतात हे ठाऊक असेल. २०१९ च्या अधिसूचनेने खाडीकाठचे नियंत्रित क्षेत्र ५० मीटर किंवा खाडीची रुंदी, यांपैकी जे कमी असेल तेवढे ठेवले. त्या ५० मीटरचा चौथा हिस्सा रेघेनेच खाल्ला, तर घर रेघेच्या आत की बाहेर, हे कोणी सांगायचे? जो अधिक मोठ्या प्रमाणाचा नकाशा आणि चांगला वकील आणू शकतो, तोच सांगतो.

म्हणूनच कायद्याने चार हजारांस एक या प्रमाणाचे, भूमापन क्रमांकांसह स्थानिक नकाशे करण्याची तरतूद केली. २०११ च्या अधिसूचनेने तर त्याहून पुढचे पाऊल टाकले. मच्छीमारांची गावे, त्यांच्या सामायिक जागा, धक्के, बर्फाचे कारखाने, मासळी वाळवण्याच्या जागा हे सारे त्या नकाशांवर दाखवावे, असे तिच्यात स्पष्ट म्हटले होते. बृहन्मुंबईसाठी स्वतंत्र कलम होते: १९८१ च्या विकास आराखड्यात किंवा राज्य शासनाच्या संबंधित नोंदींत असलेले कोळीवाडे मोजून नकाशावर आणावेत. वाचकांनी या वाक्यातील तारीख पाहावी. २०११ सालचा कायदा घराची हद्द विचारायला १९८१ सालच्या कागदाकडे जातो! आणि तरीही कोळीवाड्यांच्या सीमांकनाचा प्रश्न पुढे वर्षानुवर्षे रेंगाळत राहिला.

मासळी वाळवण्याच्या जागेचेच घ्या. बोंबील वाळत घातलेले बांबूंचे मांडव पावसाळ्यात उतरवले जातात. त्या काळात वरून काढलेल्या छायाचित्रात ती जागा कशी दिसेल? मोकळी. आणि मुंबईच्या बाजारात 'मोकळी जागा' या दोन शब्दांचा अर्थ काय होतो, हे अंधेरीच्या माणसाला समजावून सांगण्याची गरज नाही. छायाचित्र खोटे नसते. परंतु त्या जागेचा वापर काय, कोणाचा, वर्षातून किती महिने, हे तेथे राहणाऱ्याला विचारून लिहावे लागते. ते लिहिण्यासाठी नकाशात रकानाच ठेवलेला नसेल तर विचारणार कोण?

शहराच्या विकास आराखड्याची कथाही आठवावी. २०१४ ते २०३४ या वीस वर्षांचा प्रारूप आराखडा फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यातील चुकांवरून एवढा गदारोळ उठला की तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी एप्रिलमध्ये तो बाजूला सारून दुरुस्तीचा आदेश दिला. उभ्या इमारतींवरून रस्ते गेले होते, शाळा आणि देवस्थाने भलत्याच रंगात रंगली होती. नागरिकांनी हजारोंनी हरकती नोंदवल्या. नवा प्रारूप २०१६ साली आला, मंजुरी २०१८ साली मिळाली. ज्याने हरकत नोंदवली त्याची चूक दुरुस्त होण्याची शक्यता होती. ज्याला नकाशा वाचताच आला नाही, त्याचे काय?

मुंबईकराला हा गोंधळ नवा नाही. १ जानेवारी १९०६ पासून देशाला एकच प्रमाणवेळ लागू झाली. मुंबईने ती मानली नाही. रेल्वे एका वेळेवर, महापालिका दुसऱ्या. दोहोंत अंतर ३९ मिनिटांचे. परकीय सरकारने लादलेली वेळ म्हणून तिला विरोध झाला, त्यामागील स्वाभिमान समजण्यासारखा होता. परंतु स्वातंत्र्यानंतरही १९५५ पर्यंत हे शहर दोन घड्याळे सांभाळत राहिले. पंचांगांचे तेच. लोकमान्यांनी पंचांगशुद्धीचा आग्रह धरला त्याला शतक उलटले. स्वतंत्र भारत सरकारने डॉ. मेघनाद साहा यांच्या समितीच्या शिफारशीवरून २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका स्वीकारली. तरीही शेजारच्या दोन घरांत एखादा सण दोन दिवशी होतोच. सणाचे ठीक आहे, दोनदा गोडधोड खाता येते. भरतीरेषेचे तसे नाही.

मग उपाय काय? जगाने या प्रश्नावर तीन दशके विचार केला आहे. १९९४ साली नकाशांची माहिती एका संगणकाकडून दुसऱ्याला समजेल अशा रीतीने देण्याचे खुले नियम ठरवण्यासाठी 'ओपन जिओस्पेशल कन्सॉर्शियम' ही संस्था उभी राहिली आणि त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने या विषयाची स्वतंत्र समिती नेमली. २००७ मध्ये युरोपीय संघाने सदस्य देशांना आपली भौगोलिक माहिती समान मानकांत मांडण्याचे कायदेशीर बंधन घातले. आपणही मागे नव्हतो. २००१ मध्ये राष्ट्रीय भौगोलिक माहिती व्यवस्थेचा कृती आराखडा तयार झाला होता, २००६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला मान्यता दिली. २००९ मध्ये 'इस्रो'ने 'भुवन' हे संकेतस्थळ खुले केले. आपल्या राज्यात नागपूरला महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र आहेच.

या मानकांचे मर्म सांगायचे तर प्रत्येक नकाशाला त्याची जन्मपत्रिका जोडलेली असावी. तो कोणी केला, केव्हा केला, मोजणी कशाने केली, शून्य कोणते धरले, प्रमाण कोणते, चूक असलीच तर किती मीटरची असू शकते आणि शेवटची दुरुस्ती कधी झाली. मुलीचे लग्न ठरवताना आपण स्थळाची जेवढी चौकशी करतो, त्याच्या निम्मीही चौकशी नकाशाची करत नाही. त्या तांडेलांच्या तीनही छायाप्रतींवर यांतील एकही गोष्ट पूर्ण लिहिलेली नव्हती. एकावर शिक्का होता. तो वाचता येत नव्हता.

जन्मपत्रिका नसली की काय होते, हे भूमापनाच्या इतिहासातही दिसते. १८०२ मध्ये मद्रासजवळ लॅम्ब्टनने आरंभलेल्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणातून पुढे भारतासाठी पृथ्वीच्या आकाराचे एक माप ठरले. एव्हरेस्टच्या नावाचे ते माप दीड शतकाहून अधिक काळ आपल्या नकाशांचा आधार होते. आजचे उपग्रह दुसरे माप वापरतात. दोहोंतील फरक न जुळवता जुन्या नकाशावर आजच्या मोबाईलमधील स्थान टेकवले, तर मुंबईसारख्या ठिकाणी खूण शंभर मीटरच्या आगेमागे सरकू शकते. शंभर मीटर! वेसाव्यात तेवढ्यात माणूस घरातून निघून पाण्यात उतरतो.

येथे एक प्रश्न वाचकांच्या मनात आला असेल आणि तो रास्त आहे. नकाशे असे सर्वांना खुले केले तर देशाच्या सुरक्षेचे काय? मुंबईकराने तर हा प्रश्न विचारलाच पाहिजे. २६ नोव्हेंबर २००८ चे मारेकरी समुद्रातूनच आले. त्यापूर्वी डेव्हिड हेडलीने किनाऱ्यावर उतरण्याच्या जागांची जीपीएस उपकरणाने नोंद करून ठेवली होती, हे त्याच्या अमेरिकेतील खटल्यात उघड झाले. परंतु याच घटनेचा दुसरा अर्थ आपण लक्षात घेत नाही. ब्रिटिशांनी नकाशा हे राज्य करण्याचे शस्त्र म्हणून वापरले आणि प्रजेपासून दडवले. ती वृत्ती स्वातंत्र्यानंतरही आपण जपली. सीमेलगतच्या आणि किनारपट्टीच्या स्थलदर्शक नकाशांवर दीर्घकाळ निर्बंध होते. म्हणजे बाजारात मिळणारे उपकरण घेऊन शत्रू आपला किनारा मोजत होता आणि त्याच किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मच्छीमाराला आपल्या गावाचा नकाशा मिळत नव्हता. अशा गुप्ततेने कोणाचे रक्षण झाले?

२००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने संरक्षणाचे नकाशे वेगळे आणि जनतेचे वेगळे अशी विभागणी करून वाट थोडी मोकळी केली. खरा बदल झाला १५ फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी. भारतीय व्यक्तींना आणि संस्थांना भौगोलिक माहिती गोळा करण्यासाठी, वापरण्यासाठी पूर्वपरवानगीची गरज उरली नाही. एक मीटरहून अधिक अचूक माहिती मात्र भारतीय संस्थांनीच गोळा करावी, ती भारतातच साठवावी, असे बंधन राहिले. अतिसंवेदनशील ठिकाणांवरील निर्बंधही राहिले. डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय भू-स्थानिक धोरण आले. दरम्यान भारतीय सर्वेक्षण विभागाने देशभर अचूक स्थाननिश्चितीची अखंड चालणारी केंद्रे उभारली. स्वदेशी, सुरक्षित आणि तरीही खुले, हा मार्ग योग्य आहे आणि त्याचे श्रेय द्यायलाच हवे.

तरीसुद्धा वेसाव्याच्या गल्लीपर्यंत तो पोचत नाही, हे दुखणे उरतेच. गावठाणांची ड्रोनने मोजणी करून घरमालकाला मिळकतीचा कागद देण्याचा प्रयोग आपल्याच राज्यात, पुरंदर तालुक्यातील सोनोरी गावी झाला आणि पुढे २४ एप्रिल २०२० रोजी 'स्वामित्व' योजना देशभर सुरू झाली. परंतु ती ग्रामीण भागासाठी आहे. कोळीवाडा गाव खरा, पण तो महानगराच्या पोटात आला. शहरांसाठी 'नक्शा' हा कार्यक्रम फेब्रुवारी २०२५ मध्ये सुरू झाला तो १५२ नगरांपासून, प्रायोगिक स्वरूपात. गावाची योजना शहर म्हणून मिळत नाही आणि शहराचा आराखडा कोळीवाड्याला वस्ती म्हणून धड ओळखत नाही.

महापालिकेचा विकास आराखडा आज संगणकाच्या पडद्यावर पाहता येतो, भूमी अभिलेख विभागाचे नकाशेही पाहता येतात. परंतु ही दोन पाने एकमेकांवर ठेवली की कडा जुळत नाहीत. पडद्यावरील नकाशाखाली 'केवळ माहितीसाठी' अशी टीप असते, म्हणजे न्यायालयात त्याचा उपयोग नाही. हे केवळ कोळ्यांचे गाऱ्हाणे आहे असे कोणी समजू नये. अंधेरीतील ज्या सोसायटीने पुनर्विकास हाती घेतला आहे, तिच्या सचिवाला विचारा. मालमत्ता पत्रकावरील क्षेत्रफळ, प्रत्यक्ष मोजणीचे क्षेत्रफळ आणि जुन्या करारातील क्षेत्रफळ हे तीन आकडे जुळवता जुळवता त्याचे केस पांढरे झालेले असतात.

आणखी एक बाजू आहे, जिच्याविषयी आपल्या धोरणांत फारसे काही सापडत नाही. माहिती सरकारकडून जनतेकडे जावी, हे आपण म्हणतो. जनतेकडे असलेली माहिती सरकारच्या नकाशात कधी येणार? वरळीला सागरी किनारा मार्गाच्या खांबांमधून नौका ये-जा कशा करणार, हा वाद वाचकांना आठवत असेल. खांबांमधील अंतर ६० मीटर ठरले होते. वरळीच्या मच्छीमारांचे म्हणणे होते की त्या प्रवाहात, त्या वाऱ्यात एवढ्या फटीतून नौका सुखरूप काढता येणार नाही. अखेर डिसेंबर २०२२ मध्ये एक खांब कमी करून अंतर १२० मीटर करण्याचा निर्णय झाला. नौकांचा मार्ग कोणता, हे आराखडा कागदावर येण्यापूर्वी विचारले असते, तर वर्षानुवर्षांचे आंदोलन टळले असते. आता वांद्रे ते वेसावे सागरी सेतूचे काम सुरू आहे आणि पुढे उत्तरेकडे दहिसर-भाईंदरपर्यंत रस्ता न्यायचा आहे. म्हणजे हाच प्रश्न वेसाव्याच्या दारात उभा आहे.

कोळ्यांच्या ज्ञानाचे मोल शास्त्रज्ञ जाणतात. वेसाव्यातच, यारी रोडलगत केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्थान आहे. हैदराबादचे राष्ट्रीय महासागर माहिती केंद्र उपग्रहाने टिपलेले समुद्राचे तापमान आणि पाण्याचा हिरवेपणा पाहून मासळी कोठे मिळण्याचा संभव आहे, त्याचे अंतर, दिशा आणि खोली बंदरनिहाय कळवते, तेही मराठीत. भौगोलिक माहितीची देवघेव नीट झाली तर ती गरिबाच्या ताटापर्यंत कशी येते, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

पण तांडेलांना याविषयी विचारले तेव्हा ते थोडे गप्प झाले. मग म्हणाले, "ते बरं आहे. पण तेच कागद मोठ्या पर्ससीनवाल्यालाही जातं. तो आमच्याआधी पोचतो." वेसाव्याची डोल जाळी समुद्रतळाशी रोवलेल्या खुंटांना बांधली जातात. कोणाचा खुंट कोठे, हे समाजाच्या स्मरणात असते; त्यावर पूर्वापार वहिवाट चालते. ती ठिकाणे उद्या कोणी अक्षांश-रेखांशांसह पडद्यावर मांडली, तर त्यांचे रक्षण होईल की लूट? मला वाटते, येथे भेद केला पाहिजे. घराची हद्द, गल्ली, धक्का, वाळवणाची जागा, नौकांचा मार्ग ही माहिती पूर्ण खुली आणि कायद्याने ग्राह्य हवी. मासळीच्या जागांची माहिती मात्र समाजाच्या संमतीशिवाय आणि त्याच्या ताब्याबाहेर जाऊ नये. मानके ठरवणाऱ्या समित्यांत संगणकतज्ज्ञ असतात, लष्करी अधिकारी असतात, उद्योगाचे प्रतिनिधी असतात. त्यांत एखादा तांडेल का असू नये?

तूर्त करता येण्याजोगे एक काम आहे. के-पश्चिम विभाग कार्यालयात वेसावे कोळीवाड्याचा एकच नकाशा, चार हजारांस एक प्रमाणाचा, भिंतीवर लावावा. त्यावर भरतीरेषा, भूमापन क्रमांक, विकास आराखड्यातील आरक्षणे आणि कोळीवाड्याची हद्द एकाच मापात असावी. खाली मराठीत त्याची जन्मपत्रिका आणि हरकत कोठे, किती दिवसांत नोंदवावी ते लिहिलेले असावे. किनाऱ्यावरच्या आपल्या शाखांतील आणि मंडळांतील नकाशा वाचू शकणाऱ्या तरुण अभियंत्यांनी महिन्यातील दोन रविवार गल्ल्यांमध्ये बसून लोकांना तो वाचून दाखवावा. पुनर्विकासाच्या बैठकांना आपण वेळ काढतोच.

निघताना तांडेलांनी तीनही छायाप्रती पुन्हा पिशवीत घातल्या आणि पिशवीला दोनदा गाठ मारली. मी म्हटले, "नाखवा, यांतला खरा कोणता, ते कळलं की कळवतो." ते म्हणाले, "कळवा. पण लौकर कळवा. चौथा आणायला सांगितलाय."